दुसरं कार्ड न घेणारा फोन

ता. ९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. भाओजींची पाठ कशी आहे? मी जाड झालोय, असं तू फोनवर म्हणालीस. आवाजावरून वजन ओळखणारी तू एकटीच.

काम हॉटेलच्या लाँड्रीत. दिवसभर चादरी धुवायच्या, इस्त्री करायच्या. शेजारच्या खाटेवरचे मामा म्हणतात, वाफेने रंग उजळतो, लग्नाचं बघा. तेच सुटीवर येताना हे पत्र आणतायत.

तू हौसेने घेऊन दिलेला फोन इथे चालला नाही. तो तिकडच्या सिमकार्डाच्या कंपनीला बांधलेला. इथलं कार्ड घातलं की कोड मागतो. मुकादम म्हणाले, "आण, उघडून देतो." अजून उघडतायत. पासपोर्टही त्यांच्याकडेच, सांभाळायला. बदल्यात त्यांनी एक जुना फोन दिला, कार्डासकट. तो इथल्या कंपनीला बांधलेला, दुसरं कार्ड घेत नाही. असतो त्यांच्या टेबलावर. बोलायचं त्यांच्यासमोर, स्पीकरवर. म्हणून मी सारखा "छान, छान" करतो.

लिहू की नको, असं चाललं होतं. त्या फोनवर एका बाईंचा फोन येतो. पहिल्यांदा आला तेव्हा मुकादम बाहेर होते. "बाळा, आवाज का बसलाय?" मी त्यांचा मुलगा नाही म्हटलं. मग म्हणाल्या, "मग तो कुठंय?"

मुकादमांना विचारलं. "गावी गेला. पुन्हा फोन आला तर राँग नंबर म्हणायचं." माझ्या खाटेवर आधी तोच झोपायचा. मामांना विचारलं, तर त्यांचा हात इस्त्रीवर तसाच राहिला. चादर जळाली.

काल त्या बाईंचा फोन पुन्हा आला. मुकादम माझ्याकडे बघत होते. मी राँग नंबर म्हणालो. त्या "बरं" म्हणाल्या, पण फोन ठेवला नाही. श्वास ऐकू येत होता.

ताई, आपल्या धाकट्या भावाला इकडे पाठवू नकोस. एजंटाला काहीही कारण सांग. परवा फोनवर मीच "पाठव" म्हणालो, पुढच्या वेळीही तेच म्हणेन. तू "बरं" म्हण. मामांना काही विचारू नकोस, त्यांना परत इथेच यायचंय.

आणि माझ्या नंबरावर कधी दुसराच कोणी राँग नंबर म्हणाला, तर गप्प बसू नकोस. त्याला विचार, तुझ्या खाटेवर आधी कोण झोपायचं.

आईला सांग, मजेत आहे. माझा आवाज तेवढा लक्षात ठेव.

तुझा भाऊ