एका मताचा माणूस

८ मे

चि. क्लेमंट यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? डोराचा खोकला थांबला का? तिला म्हणावं, मध घे, तो गोड गोळ्यांचा चाळा पुरे. शेजारचे पर्सी मोतीबिंदूचं करून आले का? आणि तुमचा म्हातारा कुत्रा जेवतो ना? माझं मोडलेलं खुब्याचं हाड सांधलंय. रोझलिंड मला तिच्या घरच्या जिन्यापाशी फिरकू देत नाही. पोटची पोर जेलर झाली आहे.

आता खरं बोलते. शुक्रवारी तिने तिच्या फोनवरून कौन्सिलच्या निवडणुकीचा निकाल वाचून दाखवला आणि हातातला चहा मी तसाच सिंकमध्ये ओतला. श्रीमती थ्रप सहाशे बारा, क्लेमंट ऑगडेन सहाशे अकरा. एका मताने! ज्या बाईने कौन्सिलने लोकांना भाड्याने दिलेले भाजीचे मळे विकून तिथे फ्लॅट बांधू असं पत्रकात छापलं, ती निवडून आली. तिथल्या आपल्या चौदा नंबरच्या तुकड्यातल्या प्लमच्या झाडाखाली हेडलीची राख आहे. माझ्या नवऱ्यावर आता कुणाच्या मोटारी उभ्या राहायच्या?

मला तो एक माणूस हवाय. तुझ्या कांद्यांची तारीफ करून मतदानाच्या दिवशी घरी बसला, तो. मला पर्सीचा संशय येतो. मी इथे लेकीकडे, गावापासून दीडशे मैलांवर, पाय उशीवर ठेवून, टपालाने मत पाठवलं. सही केली, खाली तारीख घातली, पाकीट स्वतः चिकटवलं. आणि धडधाकट माणसांना कोपऱ्यावरच्या शाळेपर्यंत जाववत नाही! शोधून काढ त्याला. नाव कळव, पुढचं मी बघते.

तुझी संतापलेली,
ताई मुरिएल

१४ मे

ती. मुरिएलताईस क्लेमंटचा सा. न.

सगळे बरे आहेत. गुडघा कुरकुरतो, कुत्रा माझ्यापेक्षा जास्त जेवतो. पर्सींना उगाच बोलू नकोस. डोळ्याला पट्टी असताना ते बायकोचा हात धरून मत द्यायला आले होते.

ताई, तो माणूस सापडला आहे. बसून वाच.

मतपत्रिका हातात आली. दोनच नावं. स्वतःच्या नावापुढे फुली मारायला पेन्सिल टेकवली आणि हात अडला. आपल्या वडिलांनी बोल्सच्या चेंडूखेळाच्या क्लबात तीस वर्षं कप्तानपद सांभाळलं. दरवर्षीच्या निवडीत मत मात्र समोरच्याला दिलं. स्वतःला मत देणं म्हणजे पंगतीत आपलंच ताट आधी वाढून घेणं, असं ते म्हणायचे. मी थ्रपबाईंच्या नावापुढे फुली मारून मत त्यांना दिलं. वाटलं, दोनशेनं तरी जिंकतोय, एवढी रीत पाळायला काय हरकत आहे!

दोनदा फेरमोजणी झाली. मी तिथे घामाघूम. शेवटी हस्तांदोलन करताना न राहवून बाईंना सांगून टाकलं. त्या इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. म्हणाल्या, त्यांनी स्वतःलाच दिलं, त्यात विचार करण्यासारखं काय होतं. डोरा तेव्हापासून माझ्याशी फक्त कुत्र्यामार्फत बोलते. काल त्याला सांगत होती की तुझ्या धन्याला भूक असेल तर भांडं ओट्यावर आहे.

तू काय लिहिशील ते मला ठाऊक आहे. लिही. पण अबोला धरू नकोस.

तुझा,
क्लेमंट

२ जून

चि. क्लेमंट यास आशीर्वाद, पण या खेपेला मोजकेच.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी चार पानी उत्तर लिहिलं. त्यात तुला गाढव सात वेळा म्हटलं आहे. वडिलांची रीत क्लबातल्या चेंडूंपुरती होती. तू तिच्यापायी हेडलीचं झाड दिलंस, हेही लिहिलं. तिकीट लावून पाकीट दाराशी ठेवलं होतं, तेवढ्यात टाऊन हॉलचं पत्र आलं.

माझं मत मोजलंच नाही. सहीखालच्या चौकोनात जन्मतारीख लिहायची होती. वर तसं छापलेलंही होतं म्हणे. मी जन्मभर सहीखाली त्या दिवसाची तारीख घालत आले, तशीच घातली. त्यांच्या कागदानुसार मी एकोणतीस एप्रिलला जन्मले आणि त्याच दिवशी मत दिलं. रोझलिंड चष्मा लाव, चष्मा लाव म्हणत होती. मी तिला सांगितलं होतं की तू जन्मायच्या आधीपासून मी मत देते आहे.

माझं मत धरलं असतं तर सहाशे बारा–सहाशे बारा. चिठ्ठी टाकावी लागली असती. दोन आठवडे ते पत्र मी उशीखाली लपवलं. स्वतःवर इतका राग मला उभ्या आयुष्यात आला नव्हता.

ते चार पानी पत्र फाडलेलं नाही. सोबत पाठवते आहे. जिथे जिथे गाढव आहे, तिथे दोघांचं नाव वाच.

पण थ्रपबाईंनी एवढ्यात हुरळू नये. मळ्यांचा ठराव अठरा तारखेच्या सभेत आहे आणि गावकऱ्याला तीन मिनिटं बोलता येतं. मी येणार. रोझलिंड नको म्हणाली. मी म्हटलं, काठी घेऊन जाईन नाहीतर तुझ्या पाठीवर बसून जाईन. हेडली कुठे आहे ते त्या बाईला तोंडावर सांगणार आहे, आणि पुढच्या खेपेला तू स्वतःला मत देईपर्यंत मी शाळेच्या दारात उभी राहणार आहे.

बोलणाऱ्यांचा फॉर्म भरावा लागतो. तो आणून ठेव. तारखेच्या चौकोनात कुठली तारीख लिहायची ते आधी डोराकडून नीट वाचून घे, तुझ्या माझ्या भरवशावर नको, आणि उलट टपाली मला कळव.

तुझी,
मुरिएलताई