खाट क्रमांक सहाच्या ‘हो’बाबत

प्रति,
दुभाषा सेवा अधिकारी,
रुग्णालय कार्यालय, लीड्स.

विषय: शेजारच्या रुग्णास कळेल अशा पश्तोचा दुभाषा मिळणेबाबत.
संदर्भ: वॉर्डातील आपला फलक, ‘तक्रार आपल्या मातृभाषेत करा’.

महोदया,

मूळचा नागपूरचा, लेकीकडे राहायला आलेला आणि सध्या पाय मोडून खाट पाचवर पडलेला अर्जदार सविनय सादर करतो की,

१. खाट चारवरील वासिले मोल्दोव्हाचे. त्यांना आपण एक रोमानियन व एक मोल्दोव्हन असे दोन दुभाषे दिलेत. दोघे पाळीपाळीने तेच सांगतात आणि वासिलेंना दोघांचेही सारखेच कळते. फरक म्हणाल तर नागपूर-पुण्याइतका, म्हणजे टोमणे मारण्यापुरता. तिघे मिळून असे खिदळतात की अर्जदाराची झोप उडते.

२. खाट सहावरील गुलबाज खान वझिरिस्तानचे. आपला दुभाषा कंदाहारचा. त्याचे निम्मे बोलणे खानांच्या डोक्यावरून जाते. पण कागदावर दोन्हीकडे ‘पश्तो’ लिहिले, म्हणजे झाले!

३. खान पडले भिडस्त. आपल्या खाटेपाशी आलेल्या पाहुण्याला ‘तुमचे बोलणे कळत नाही’ म्हणायचे, तर त्यांना मेल्याहून मेल्यासारखे होते. ते छातीवर हात ठेवून ‘हो’ म्हणतात. पित्ताशयाची शस्त्रक्रिया करायची? हो. नको आहे? हो. डॉक्टरांनी गोंधळून ती दोनदा पुढे ढकलली. हे सारे खानांनी अर्जदारास तुटक्या उर्दूत सांगितले. अर्जदार आपल्या नागपुरी हिंदीत मध्यस्थी करायला तयार होता, तर म्हणे रुग्णाला दुभाषा होता येत नाही. उर्दूचा दुभाषा मागितला, तर म्हणे खानांची ती मातृभाषा नाही. अहो, माणूस पिवळा पडलाय! अर्जदाराला त्यांच्याकडे बघवत नाही.

४. उद्या सकाळी ‘शस्त्रक्रियेविना घरी जाता का?’ असे खानांना विचारणार आहेत. ते काय म्हणतील, हे अख्खा वॉर्ड जाणतो. तरी वासिलेंचा एक दुभाषा कमी करावा (वासिले मोडक्या इंग्रजीत ‘खुशाल करा’ म्हणाले) आणि वझिरी बोलणारा माणूस आणावा. तो येईपर्यंत कृपा करून खानांना काहीही विचारू नये.

५. आपल्याकडे मराठी दुभाषा नसल्याने हा अर्ज गुजराती दुभाषा आपणास समजावून सांगणार, असे कळते. त्या गृहस्थांना हात जोडून विनंती, की एखादे वाक्य कळले नाही, तर भिडेखातर ‘हो, कळले’ म्हणू नये.

आपल्याच वॉर्डातील, अजून तरी नम्र,
पुरुषोत्तम देवपुजारी
खाट क्रमांक पाच
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२४