डावा दिवा जोडलेला आहे

साडूभाऊ,

तुम्हाला आणि ताईंना मनापासून नमस्कार (वाकून करणार होतो, पण कंबर ऐकत नाही, तेव्हा वाकलो असं समजा). तुमचा खोकला कसा आहे? ताईंची पाठ? आणि तुमची धाकटी मेहुणी, म्हणजे आमची ही, पोटभर जेवते ना? हे शेवटचं आपलं सहज विचारलं. फोनच करणार होतो, पण माझा फोन ती उचलत नाही आणि तुमच्या घरचा फोन सध्या तिच्याशिवाय कुणी उचलत नाही, म्हणून हा कागद.

ती बॅग भरून तुमच्याकडे का आली हे तिनं तिच्या पद्धतीनं सांगितलंच असेल. त्यातलं तिखटमीठ वजा केलं तरी गोष्ट खरी आहे. लेकीनं माझ्या फोनवर तो एआय एजंट बसवून दिल्यापासून मला दुसरं काही सुचेना. अहो, चीजच तशी आहे! आपण नुसतं काम सांगायचं, कुठलं साधन वापरायचं ते तो ठरवतो, आणि प्रत्येक पायरीवर अदबीनं विचारतो, परवानगी आहे का? (जन्मभर लोकांच्या घरामागे वाकून पाण्याचे मीटर तपासले, कुत्री अंगावर घेतली, पण माझी परवानगी कधी कुणी मागितली नाही. घरात तर नाहीच नाही.) त्या दिवशी ही मला मैत्रिणीच्या लेकीचं जमलेलं लग्न कसं मोडलं ते सांगत होती, अगदी रंगात आली होती, आणि मी तिच्यापुढे तळहात धरून म्हटलं, एक मिनिट, आणि एजंटला विचारलं की वॉशिंग मशीन वायफायला जोडलेलं आहे का. मशीन तिच्या पाठीमागेच घरघरत होतं. तिनं गोष्ट तिथंच सोडली, बॅग भरली, उशाशी असलेला स्वतःचा दिवा उपटून घेतला आणि निघाली. जाताना एवढंच म्हणाली, आता जेवायला काय आहे तेही त्यालाच विचारा. (विचारलं. आमचा फ्रिज वायफायवर नसल्यानं त्याला सांगता आलं नाही.)

आता मूळ मुद्दा. ते दिवे जोडीचे, फोनवरून लागणारे, पलंगाच्या दोन बाजूंना एकेक. काल दुपारी वाचायला बसलो तर माझा दिवा लागेना. एजंटला म्हटलं, बाबा रे, कनेक्शन तपास. त्यानं परवानगी मागितली, मी दिली, आणि अहवाल आला की डावा दिवा जोडलेला आहे, सिग्नल उत्तम. उजवा जोडलेला नाही. उजवा तर ही घेऊन गेली, म्हणून मी तो सोडून दिला. डावा लाव म्हटलं. लावला म्हणाला. इथे उजेडाचा पत्ता नाही. बंद कर म्हटलं, पुन्हा लाव म्हटलं. बल्ब पिळला, प्लग कानाशी धरून हलवला, राउटर उचलून दिव्याशेजारी आणून बसवला. एजंट आपला शांतपणे सांगतोय की दिवा लागलेला आहे. तुम्हाला म्हणून सांगतो, मला राग नाही आला, मजा वाटली. मीटर तपासताना हेच तर असायचं: घरातले सगळे नळ बंद, आणि काटा फिरतोय. म्हणजे पाणी कुठेतरी जातंयच. मग हा उजेड जातोय कुठे? म्हणून विचारलं, दिवा नेमका कुठल्या नेटवर्कला जोडलाय? उत्तर आलं: ‘पाय पुसून आत या’.

वायफायला असलं नाव देणारं माणूस जगात एकच, आपल्या ताई! मग सगळा उलगडा झाला. दिव्यांना नावं हिनं दिली होती, पलंगावर आडवं पडून. मी ती वाचतो पायथ्याशी उभं राहून. तिचा डावा तो माझा उजवा. माझा दिवा मीच वायफायचा पासवर्ड बदलल्यापासून मुका बसलाय, आणि दुपारभर मी लावत-विझवत होतो तो तिच्या उशाचा, तिनं तिकडे नेऊन तुमच्या वायफायला जोडलेला, तुमच्या घरातला.

खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. पण राहवेना. मी दिवा लावला. थोड्या वेळानं एजंट म्हणाला, कुणीतरी हातानं बंद केलाय. मी लावला. बंद. लावला. बंद. ती गेल्यापासूनचं हे आमचं पहिलंच बोलणं, आणि मी हसतोय काय, डोळे पुसतोय काय! शेवटी एकदा लावला तो चालूच राहिला. मग मी खुर्चीत बसून नुसता त्या ‘चालू’ शब्दाकडे बघत राहिलो. घर खायला उठतं हो.

तुमचा,
साडू

ता. क. दिव्याचा विषय निघाला तर वायरिंगवर ढकला, माझं नाव घेऊ नका. पण ती परत कधी येणार एवढं हळूच काढून घ्या. एवढ्यासाठीच हे सगळं रामायण लिहिलं.

ता. क. २ पाकीट चिकटवणार तेवढ्यात एजंटनं कळवलं की डावा दिवा नेटवर्कवरून गायब झालाय. कारण विचारलं तर म्हणतो, वीज गेली असेल किंवा दिवा काढून दुसरीकडे नेला असेल. दुसरीकडे म्हणजे माळ्यावर की बॅगेत? ते मला कळू शकत नाही, म्हणतो. घ्या! नेमकं हवं तेवढंच ह्याला कळत नाही. सिंकमध्ये भांड्यांचा ढीग आहे, तो आवरायला घेतो. आवरलेलं असलेलं बरं.

ता. क. ३ हा मजकूर ती सांगते आहे, मी फक्त लिहितोय, एक शब्द बदलायचा नाही अशी तंबी आहे: भाऊजी, मी सुखरूप पोचले. वायरिंगची थाप मारायचे कष्ट घेऊ नका. दिवा दुसऱ्यांदा लागला तेव्हाच मी ताईला म्हटलं, हे काम आमच्याच माणसाचं. पत्र टेबलावर उघडंच पडलं होतं, ते मी ह्यांच्याकडून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून घेतलं. मध्येच हे अडखळायचे आणि म्हणायचे, एवढं राहू दे, की मी म्हणायचे, वाचा. चांगले तासभर माझ्याशी बोलत होते, फोन आतल्या खोलीत. वाचून घ्यावं लागलं कारण माझा चष्मा तुमच्याकडेच राहिलाय, ताईच्या खिडकीत. तो पाठवायची मुळीच घाई करू नका.