परत बांधलेलं खोकं

भालकी, सोमवार, संध्याकाळ

डोकं फिरलंय माझं. आमच्या वरच्या खोलीत म्हैसूरकडची नवी मास्तरीण भाड्यानं राहायला आली, अक्षता. पोरगी हौसेनं पहिलं खोकं उघडून भांडी मांडायली होती, तेवढ्यात शेजारची सुमनअक्का कन्नडमधून अक्कल शिकवायला टपकली. म्हणे, दवाखान्याला उदगीर गाठ, कापडाला लातूर. इथं नुसतं ऊन न् धूळ. वरसाच्या आत बदली करून घे!

कामून? स्वतःचा जन्म इथं गेला, नातवंडं इथंच खेळायलीत, आणि आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी जायचा रस्ता दाखवायचा? पोरीनं भांडी परत खोक्यात भरली. वरून सुतळी बांधली. आणि मी नुसती बघत उभी.

राहणाऱ्याला काय सांगावं, एवढं पण कळत न्हाई? ऊन उतरलं की गच्चीवर पाणी मार, रात्री खोली गार राहते. हे सीमेवरचं गाव, बाजारात बिनधास्त कन्नड बोल, मराठी भाजीवाली पण आपसूक कन्नडवर येते. हे सांगायचं सोडून म्हणे बदली!

ती सुतळीची गाठ डोळ्यांसमोरून जाईना. सकाळी चहा घेऊन वर जाते. चहा आणि कात्री.