पाहुण्याचा वाटा

२० नोव्हेंबर १९८८, रविवार

ठक्, ठक्-ठक्. ठक्, ठक्-ठक्. होडीच्या कडेवर वल्ह्याने मारलेले ठोके. मासा बिथरून जाळ्याकडे पळावा म्हणून मारतात. कोलशेतच्या शाळेत मी चौथीला कविता शिकवीत असे, तेव्हा हे ठोके खाडीवरून वर्गात येत, आणि पोरं नकळत त्याच ठोक्यावर कविता म्हणू लागत. वृत्त पार बिघडे. मी छडी उचलत असे, ती हवेतच राही. कारण मूळ चालीपेक्षा तेच गोड लागे.

आज सकाळी त्याच आवाजाने जाग आली. धडपडत खिडकीशी गेलो. नौपाड्यात कुठली आलीय खाडी! समोरच्या लेलेवहिनी गॅलरीत गादी झोडपत होत्या.

दुपारी नंदू आली डोंबिवलीहून. धाकट्या भावाची मुलगी, कॉलेजच्या प्रयोगशाळेत माशांवर काम करते. कारखान्यांचं सांडपाणी नाल्याने खाडीत येतं, त्याने माशांचं काय होतं ते तिला बघायचंय. एक जागा कोलशेत, नाल्याच्या तोंडाशी. दुसरी लांब, समुद्राकडे, जिथे पाणी बरं आहे. दोन्हीकडचे मासे ताडून बघायचे. गावाने अर्ज केलाय की पाणी शुद्ध केल्याशिवाय सोडू नका. जानेवारीअखेर समितीपुढे सुनावणी, त्यात नंदूचा अहवाल वाचला जाणार.

"लांबची जागा माझी, कोलशेत तुमचं. तुम्हाला ओळखतात तिथे, काका."

"अगं, मला बोय आणि बोंबील यातला फरक कळत नाही. जन्मात खाल्ला नाही."

"खायचा नाहीये. आणायचाय."

२७ नोव्हेंबर, रवि.

कोलशेतला किती वर्षांनी गेलेलो. काशिनाथ माझा विद्यार्थी, आता त्याचेच केस माझ्याहून पांढरे. अजून होडी घेऊन जातो. बायको हिराबाई ठाण्याच्या बाजारात मासळी विकायला बसते. मला लांबून बघून ओरडली, "मास्तर आयले गो!" आणि घरातून खुर्ची आली, तिच्यावर चादर आली, मग चहा. चहात साखर इतकी की चमचा उभा राहावा.

काम सांगितलं. जाळ्यातली थोडी मासळी दर रविवारी हवी, तपासायला. काशिनाथ खूश. "तपासा, मास्तर. पान्याला रॉकेलचा वास येतो. कोन ऐकत नाय."

धक्क्यावर बसलो. पाणी काळपट, वर तेलाचा तवंग. उन्हात त्यात सात रंग फुटतात. सुंदर दिसतं. हे लिहितानाही लाज वाटते, पण दिसतं.

बर्फाची पेटी मांडीवर घेऊन बसने परत. शेजारचा माणूस उठून उभा राहिला. आदराने नव्हे.

२९ नोव्हें.

नं. चा फोन, खालच्या वाण्याकडे. हसतेय की रडतेय कळेना. हिराबाईने मासे साफ करून दिलेले! पोटातलं सगळं काढलेलं, कल्ले काढलेले, वर हळद-मीठ चोळलेलं.

"काका, मला कल्लेच बघायचे असतात! काळीज बघायचं असतं!"

वाणी कान देऊन ऐकत होता. कल्ले आणि काळीज. दिवसभर हे दोन शब्द ओठांवर. त्यांच्या पुढे ओळ काही सुचेना.

४ डिसेंबर

हिराबाईला सांगितलं. तिने कपाळावर हात मारला. "तुमच्यात कापनार कोन, म्हनून मीच कापली. बामनाच्या घरी आख्खी मासली कशी पाठवू?" आज अख्खी दिली. धुऊन, पानात गुंडाळून. मी पोचतो तोवर माझा डबा तयारच असतो.

परतताना मिठागराच्या बांधावरून चालत गेलो. बगळे एका पायावर. पूर्वी मधल्या सुट्टीत मुलं या पाण्यात सूर मारायची आणि तळाची शिंपली काढून आणायची. तळ दिसायचा. आता बगळ्याचाच पाय गुडघ्याखाली दिसत नाही. एक ओळ आली होती, पाण्याला पाणी म्हणायचा... पुढे निसटली.

१८ डिसें.

मागच्या रविवारी मासे नीट, आजही नीट. जिन्यात लेलेवहिनी.

"भाऊसाहेब, वास कसला हो हा दर रविवारी?"

"विज्ञान आहे, वहिनी."

"विज्ञानाला एवढा वास असतो?"

सोसायटीच्या सेक्रेटरीकडे जाणार म्हणाल्या. खुशाल जा म्हटलं. आमची ही आज असती तर तिनेही पेटी घरात घेऊ दिली नसती, पण वहिनींशी मात्र माझ्या बाजूने भांडली असती.

१ जानेवारी १९८९

नं. आली. चेहरा उतरलेला. मला वाटलं मासे भयंकर निघाले असणार. तर उलटच. कोलशेतचे मासे समुद्राकडच्यांइतकेच निरोगी. कल्ले लाल, काळीज स्वच्छ, अंगावर ओरखडा नाही.

"मग चांगलंच की," मी म्हटलं.

"काका, मी नाल्याच्या पाण्याची बाटली भरून आणलीय. त्यात सोडलेला मासा संध्याकाळ बघत नाही. आणि खाडीतले धडधाकट? कसे?" मग म्हणाली, "पण मला जे दिसेल तेच लिहावं लागेल."

म्हणजे गावाचा अर्ज फेटाळला जाणार. नाला वाहतो तसाच वाहील.

८ जाने.

हे काशिनाथला सांगणं आलं. कोपऱ्यात जाळं विणत बसला होता. सुई थांबली.

"म्हंजे आमी खोटं बोलतो, मास्तर?"

वर्गातसुद्धा त्याने मला असं कधी विचारलं नव्हतं. हिराबाई धक्क्याकडे निघाली, मोठा मुलगा होडी घेऊन आला होता. घरात बसवेना, मीही मागे गेलो. जाळ्यातून मासळी निघताना आज पहिल्यांदाच पाहिली.

ती खाली बसून निवडत होती. हात भराभर चालत होते. चांगली मोठी, चकचकीत एका टोपलीत. दुसरी पितळेच्या हंडीत. हंडीतली बघितली. अंगावर लाल जखमा, शेपट्या कुरतडल्यासारख्या. एकाची पाठ वाकडी, माझ्यासारखी.

"हिराबाई, ही कुठली?"

"इथलीच."

"ही फेकून देणार?"

"फेकू कशाला? जखम कापून टाकायची. घरात खाताव आमी."

"आणि मला देता ती?"

तिला प्रश्नच कळला नाही. टोपलीतली वरची एक उचलून दाखवली. "पावन्याचा वाटा पैला काढतात, मास्तर. सगल्यात चांगला. मग बाजाराचा. उरल तो घरचा. आमच्यात असाच हाय, माज्या सासूच्या सासूपासनं." मग हंडीकडे बघून, एकदम रागावून, "तुमच्या हातात ही देऊ? उद्या तुमची पोरगी काय म्हनल, हिराने सडकी दिली?"

घरी आलो आणि अंघोळ केली. वासासाठी नव्हे.

१० जाने.

नं. ला फोन. हंडीचं सगळं सांगितलं. मग हळू आवाजात, "काका, हंडीतले हवेत मला. टोपलीतलेही, पण हंडीतले आधी. त्यांनी निवडायच्या आत." नमुना न निवडता घ्या, हे तिने मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी हिराबाईला सांगितलंही असेन. पण माझ्या तोंडून ते कसं निघालं असेल देव जाणे, आणि तिच्या कानाला, पाहुण्याला निवडल्याशिवाय द्यायचं, हे ऐकूच कसं येणार?

सुनावणीआधी दोनच रविवार.

१५ जाने.

तिळगूळ घेऊन गेलो. काल संक्रांत. दोघांना दिला, पोराबाळांना दिला. मग विचारलं.

हिराबाई नाही म्हणाली.

काशिनाथ उसळला. "दे ना गो! त्याच्यासाठीच तर अर्ज केला!"

"तू अर्ज करशील. बाजारात मी बसतंय." मग माझ्याकडे वळून, पण नजर न मिळवता, "मास्तर, कोलशेतच्या मासलीला रोग हाय, असा कागदावर आला, पेपरात आला, तर माज्या टोपलीला हात कोन लावल? नाला बंद होयाल तवा होयाल. मी उद्या काय इकू?"

"नंदू गावाचं नाव..." मी सुरुवात केली आणि थांबलो. नाव घातल्याशिवाय त्या कागदाला अर्थ नाही.

"तुमी खात नाय, म्हनून तुमाला सोपा हाय," ती म्हणाली. टोचून नाही, सहज.

काशिनाथ पाय आपटत बाहेर गेला. हिराबाईने माझा डबा भरला. पानात गुंडाळलेली, वरची, चकचकीत. नको म्हणवेना, नेववेना. शेवटी म्हटलं, यावेळी राहू द्या. पाहुण्याचा वाटा परत केलेला तिने कधी बघितला नसेल. तोंड एवढंसं झालं.

रिकामी पेटी मांडीवर. आज बसमध्ये शेजारचा उठला नाही.

१९ जाने.

नं. ला पत्र टाकलं. बाईवर जबरदस्ती करता येणार नाही, तिचं म्हणणं खोटं नाही, एवढंच लिहिलं. ती काय लिहील अहवालात? तिचे कागद चोख आहेत, आणि चूकही.

दुपारी डुलकी लागली. वर्गात उभा होतो, बाकांवर पोरांऐवजी पाणी बसलेलं, हिरवं, नितळ, आणि मी त्याला पहिली ओळ सांगतोय. पाणी माझ्यामागून म्हणतंय. कुठली कविता, ते मात्र आठवत नाही. किती स्वच्छ म्हणत होतं पण.

२२ जाने., रवि.

आज कोलशेतला जायचं नव्हतं. उगाचच लवकर उठलो. नं. संध्याकाळी येणार, अहवाल बांधायला द्यायच्या आधी एकदा वाचून दाखवते म्हणाली. शुद्धलेखन तपासायचं. तेवढं येतं मला.

पेपर वाचत होतो, बेल वाजली. दूधवाला असेल म्हणून भांडं घेऊनच दार उघडलं.

हिराबाई. नऊवारी आवळलेली, केसात अबोली, बाजाराला निघते तशी. बाजार ऐन भरात असायची वेळ, आणि ही इथे, दुसऱ्या मजल्यावर, दम लागलेला. डोक्यावर टोपली, टोपलीवर ओलं गोणपाट. समोरचं दार उघडून लेलेवहिनी पदर नाकाला लावून उभ्या.

"वरच्या मजल्यावर राहताव, सांगितला नाय," ती म्हणाली.

टोपली उतरवायला हात दिला. जड होती. गोणपाटाखाली कुठला वाटा आहे, पाहुण्याचा की घरचा, ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. वहिनींकडे एकदा बघून ती मला म्हणाली, "पोरगी कवा येतं तुमची?"

"संध्याकाळी."

"मग बसतंय मी."

चहा टाकलाय. साखर जास्त घातलीय.