दस्त्यावरचा चॉकलेटी रंग

अहो,

दारं रंगवून उरलेला चॉकलेटी ऑइलपेंट तुम्ही माझ्या एअर रायफलच्या लाकडी दस्त्याला फासला होतात ना, तो घासून घासून पार उतरवला! खालचं अक्रोडाचं लाकूड जवसाचं तेल पिऊन असं उजळलंय, की लग्नाआधी नेम धरताना मी गाल टेकवायचे ती झिजलेली जागासुद्धा दिसते. दस्ता आठवडाभर तुमच्याच पलंगाखाली वाळत होता, तुम्हाला पत्ताही लागला नाही.

गॅलरीतली तेलाची ओली फडकी पसरलेलीच राहू द्या, बोळा केलात तर आपोआप पेटतील. आमटी गरम करून घ्या.

मी रायफल घेऊन दादरला शूटिंग रेंजवर चाललेय. आता दर रविवारी जाणार. माळ्यावर तिची जागा रिकामी झालीय, तिथे तुमचा रंगाचा डबा ठेवलाय.

वैदेही