निकिताची गोधडी

मांजरी बुद्रुक,
दि. १८ नोव्हेंबर २०२४

चि. दीपमालास,
मावशीचे अनेक आशीर्वाद व जयभीम.

वि. वि. तुझं पत्र मिळालं. खडकीहून मांजरीला यायला त्याने पाच दिवस घेतले. तू निघालीस तर दीड तासात पोचशील, पण ते असो. फोनवरचं मला आता धड ऐकू येत नाही, आणि मोबाइलवर वाचता आलं तरी लिहायला बोटं ऐकत नाहीत, म्हणून तुला हा कागदाचा त्रास. दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून वर मावशीला हाताने पत्र लिहायचं म्हणजे शिक्षाच की.

तू केलेली साइट शेजारच्या बद्रीनाथभाऊंनी त्यांच्या मोठ्या पडद्यावर दाखवली. छान झाली आहे. फोटोत माझे हात एवढे म्हातारे कसे आले ते मात्र कळलं नाही. आणि सगळ्यात वर गोधडी पांघरून हसणारी ती गोरी मुलगी कोण? ती गोधडी मी शिवलेली नाही. शिवाय "मायेची ऊब आता एका क्लिकवर" असं तू माझ्या नावावर लिहिलं आहेस. तीस वर्षं गोधड्या शिवते आहे. दाराशी आलेल्या बाईला मी असलं काही ऐकवलं असतं, तर ती कापडाचं गाठोडं उचलून आल्या पावली परत गेली असती.

आता बातमी ऐक. काल रविवारी तू साइट सुरू केलीस आणि संध्याकाळी पहिली मागणी आलीसुद्धा! मोबाइल वाजला तेव्हा मला वाटलं गॅसवाल्याचा मेसेज असेल. बाणेरच्या एक बाई आहेत, त्यांना एक गोधडी हवी आहे. दिवाळीपासून माझ्याकडे एकही गाठोडं आलेलं नाही, त्यामुळे फार बरं वाटलं. हात रिकामे राहिले की जास्त दुखतात गं.

अडचण एवढीच की बाईंकडे जुनं कापड नाही. तुमच्याकडचं चालेल, असं त्या लिहितात. तुला माझी रीत ठाऊक आहे. ज्याने पांघरायची त्याच्या घरातलं एक तरी लुगडं किंवा धोतर त्यात हवं, नाहीतर ते नुसतं पांघरूण झालं. बाजारातून कापड आणून शिवणं मला जमायचं नाही. त्यांना नाही म्हणून कळवू का? तुझं उत्तर येईपर्यंत थांबते.

वेळेवर जेवत जा. लोभ आहेच, तो तू वरचेवर तपासून पाहत जा.
तुझी,
कौशल्यामावशी

---

खडकी,
दि. २५ नोव्हेंबर २०२४

आदरणीय मावशीस,
दीपमालाचा सविनय जयभीम.

वि. वि. पत्र शनिवारी मिळालं. उत्तर आज कंपनीच्या बसमध्ये लिहिते आहे. बस वाकडच्या पुलाजवळ पाऊण तास उभी आहे, त्यामुळे तूर्त अक्षर बरं येतंय. हिंजवडीला पोचेपर्यंत एखादी कादंबरीही लिहून होईल.

मागणी आली हे वाचून आनंद झाला. खरं सांगायचं तर आनंद व्हायलासुद्धा आता वेळ काढावा लागतो. या पंधरवड्यात अकरा साइट केल्या. पिठाची गिरणी, दोन मंगल कार्यालयं, कुत्र्यांचा दवाखाना, एक पोळीभाजी केंद्र, आणखी कोण कोण. सगळ्यांना गूगलच्या पहिल्या पानावर यायचं आहे आणि पहिल्या पानावर जागा दहा. तुम्हीच पुण्यात सर्वोत्तम, असं प्रत्येकाला मीच लिहून देते. मग त्यांचा चौकशीचा फॉर्म चालतो की नाही हे बघायला मीच गिऱ्हाईक होते, कुठलंतरी नाव घेते आणि सुचेल ते भरून पाठवते. दुपारपर्यंत मी दोन लग्नांतली नवरी आणि तीन कुत्र्यांची मालकीण झालेली असते. साहेबांना विचारलं तर म्हणतात, दीपमाला, तुझा कामाचा वेग वाखाणण्यासारखा आहे. वेग आहे खरा, फक्त मी कुठे चालले आहे ते कोणी सांगत नाही.

तो गोऱ्या मुलीचा फोटो विकतचा आहे. तुझी गोधडी पांघरून हसेल असं आपल्या घरात सध्या कोणी नाही, म्हणून घेतला.

कापडाचं म्हणशील तर नाही म्हणू नकोस. पहिलंच गिऱ्हाईक परत पाठवलं तर ते चार ओळी वाईट लिहून मोकळं होतं, आणि मग त्या ओळी जन्मभर तुझ्या नावाखाली राहतात. घरात जे असेल ते घाल. आत कोणाची साडी आहे हे त्यांना कुठे कळणार आहे? आता सगळं असंच चालतं, मावशी, फार मनाला लावून घेऊ नकोस.

मी या महिन्यात येणारच होते. नाही जमलं. पुढच्या महिन्यात नक्की येते. बस हलली, थांबते.

राग धरू नकोस, धरलास तर थोडाच धर.
तुझी,
दीपमाला

---

मांजरी बुद्रुक,
दि. ९ डिसेंबर २०२४

चि. दीपमालास,
मावशीचे अनेक आशीर्वाद व जयभीम.

वि. वि. गोधडी पुरी झाली. दहा दिवस लागले. एवढी चांगली गोधडी माझ्या हातून बऱ्याच वर्षांत झाली नव्हती, हे मी स्वतःच्या तोंडाने सांगते आहे, कारण सांगायला दुसरं कोणी नाही.

पण गिऱ्हाईक सापडत नाही. बाईंचं नाव निकिता. पत्त्यात नुसतंच बाणेर रोड लिहिलं आहे, घर नाही, सोसायटी नाही. बद्रीनाथभाऊंनी नंबर लावून पाहिला, तर हा नंबर अस्तित्वात नाही असं यंत्रातली बाई सांगते म्हणे. तुझ्या साइटवरून आलेली मागणी आहे, तेव्हा त्या मुलीचा खरा पत्ता तुला काढता येत असेल. तेवढं कर. गोधडी घडी घालून ठेवली आहे.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. तुझं पत्र वाचून दोन दिवस नुसती बसून होते. घरात जे असेल ते घाल, असं तू लिहिलंस. माझ्या दोन सुती साड्या आतल्या थराला लावल्या. वरच्या बाजूला काय लावायचं ते सुचेना. निकिताने काय लिहिलं होतं ते मी तुला मागच्या पत्रात पुरतं कळवलं नव्हतं. तिने लिहिलं होतं, आई नाही, तिची साडीही माझ्याजवळ नाही, तुमच्याकडचं कापड चालेल. एवढंच. किती मोठी आहे, काय करते, काही नाही. पण ते पुन्हा वाचलं आणि उठून ट्रंक उघडली.

तुझ्या आईची, हिराक्काची, अंजिरी इरकल काढली. फॅक्टरीतल्या पहिल्या पगारात घेतलेली. ती तुझ्यासाठी ठेवली होती हे मी विसरले नाही. जाण्याआधी तिने ती माझ्या हातात दिली आणि माझ्या दीपाला गोधडी करून दे म्हणाली. दोन वर्षांत मी तुला चारदा विचारलं, शिवू का? दर वेळी तू म्हणालीस की इतक्यात नको, मी आल्यावर बघू. आली नाहीस. मला वाटलं, तुला ती नकोच असेल, तोंडावर सांगता येत नसेल. आणि इथे एक बिनआईची पोर मागते आहे. ट्रंकेत ठेवून ठेवून घडीवर विरायचीच ना शेवटी? कात्री लावली.

माझं चुकलं असेल तर तसं लिही. मोघम लिहू नकोस.

माया कमी झाली असं समजू नकोस.
तुझी,
कौशल्यामावशी

---

खडकी,
दि. १४ डिसेंबर २०२४

आदरणीय मावशीस,
दीपमालाचा सविनय जयभीम.

वि. वि. हे पत्र तिसऱ्यांदा लिहिते आहे. पहिली दोन मोघम झाली होती, फाडली.

निकिता नावाची कोणी मुलगी नाही. ती मागणी मी पाठवली होती. तुझा फॉर्म चालतो का हे पाहायला. त्या रविवारी तुझी साइट संपवली तेव्हा मान धरली होती, डोळे चुरचुरत होते, तरी सवयीने एक नाव टाकलं, खोटा नंबर टाकला, आणि खाली मजकुराच्या जागी हाताला आलं ते लिहिलं. असे फॉर्म मी रोज भरते आणि भरून झाले की खोडून टाकते. तुझा खोडायचा राहिला. तू बाणेरच्या बाई म्हणालीस तेव्हा मला काही आठवलंसुद्धा नाही. मग मीच तुला सांगितलं, घरात जे असेल ते घाल. आत कोणाची साडी आहे हे त्यांना कुठे कळणार, हे वाक्यही माझंच.

तुझं चुकलं नाही. तू एका मुलीवर दया केलीस. ती मुलगी नव्हती, हा तुझा दोष नाही.

मला ती साडी नको होती असं तुला वाटलं, त्याबद्दल तरी लिहायलाच हवं. नको नव्हती गं. ती कापू द्यायची नव्हती. तुझ्या ट्रंकेत ती घडी होती तोवर मला वाटायचं की आईचं काहीतरी अजून व्हायचं बाकी आहे. एकदा गोधडी झाली की झालंच सगळं. म्हणून मी यायचं टाळत होते. आले असते तर तू ट्रंक उघडली असतीस.

पत्र मिळालं त्याच दिवशी एका चष्म्याच्या दुकानाची साइट होती. केली. फॉर्मपाशी आले आणि नावाच्या रकान्यात काही लिहिताच येईना. शेजारचा पियुष म्हणाला, मी भरतो, तू चहा घेऊन ये. बाहेर जाऊन जिन्यात बसले आणि रडले. कोणी विचारलं नाही. आमच्याकडे जिन्यात बसलेल्याला कोणी काही विचारत नाही.

ती गोधडी मला आता बघवणार नाही. कोणाला द्यायची असेल तर देऊन टाक. साइट बंद करायची का तेही कळव, एका मिनिटाचं काम आहे.

माफ कर असं लिहायला मला तोंड नाही, तरी लिहिते.
तुझी,
दीपमाला

---

मांजरी बुद्रुक,
दि. १८ डिसेंबर २०२४

चि. दीपमालास,
मावशीचे आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि दिवसभर जेवले नाही. राग आला. खूप आला. बद्रीनाथभाऊंना काय सांगू? ते बिचारे बाणेरला जाऊन चौकशी करून येतो म्हणत होते. नसलेल्या मुलीसाठी मी माझ्या बहिणीच्या साडीला कात्री लावली, हे कोणाला सांगण्यासारखं आहे का? तुमचं काम तुम्हाला लखलाभ. साइट मात्र बंद करू नकोस. काल थेऊरहून एक बाई कापड घेऊन आल्या, साइटवर पाहून आले म्हणाल्या. त्या खऱ्या आहेत, मी हात लावून पाहिलं.

दुसरं असं. शिवताना मी त्या निकिताशी बोलत होते. एकटीने सुई चालवायची तर तोंडाला काहीतरी हवं. दहा दिवसांत तिला हिराक्काचं सगळं सांगून झालं. फॅक्टरीचा भोंगा झाला की ती कशी पळायची, तुझ्या बारशाला कोणाशी भांडली, शेवटच्या आठवड्यात माझ्याकडे असताना तिला काय काय खावंसं वाटलं, आणि शुद्ध होती तोवर ती तुझ्याबद्दल काय बोलत होती. तुला यातलं काही ठाऊक नाही. तू आलीस, सगळं उरकलंस, जयभीम करून गेलीस. विचारलं नाहीस. मीही, तुम्ही कामाची माणसं, म्हणून बोलले नाही, तेवढी चूक माझी.

हाताला आलं ते लिहिलं, म्हणतेस. हाताला भलतंसलतं काही येत नाही, दीपा. माझ्या हाताला तरी कधी आलेलं नाही.

गोधडी मी कोणाला देणार नाही आणि पोस्टानेही पाठवणार नाही. ती निकिताची आहे. तिच्यावर माझा राग नाही. आई नाही, हे तिने निदान लिहिलं तरी. तू दोन वर्षांत एकदाही लिहिलं नाहीस.

कौशल्यामावशी

---

खडकी,
दि. २३ डिसेंबर २०२४

मावशी,

येत्या रविवारी सकाळी येते. सुट्टी मागितलेली नाही, सांगितली आहे.

आई नाही गं, मावशी. दोन वर्षं झाली, मला आई नाही.

दीपा